सॉस्टॉपवर ८ इंची डॅडो सेट: कार्ट्रिज, शिम आणि ब्रेक उगाच न उडण्यासाठी

सागवान_एनजे

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत गराजमध्ये सॉस्टॉपचा १.७५ एचपीचा प्रोफेशनल कॅबिनेट सॉ आहे (बोट लागताच पातं थांबवणारा ब्रेक असलेला टेबल सॉ). त्यावर आजवर फक्त १० इंची पातं आणि सोबत आलेलं ब्रेक कार्ट्रिज (ब्रेकचा बदलता येणारा डबा) वापरलंय. आता पुस्तकांचं कपाट करायचंय. माल १८ मिमी बाल्टिक बर्च. उभ्या फळ्या १२ इंच रुंद, ७२ इंच उंच. आडव्या फळ्या बसवायला त्यांत ६ मिमी खोल खाचा, आणि पाठीच्या ६ मिमी प्लायसाठी मागच्या कडेला पताम (कडेची पायरीसारखी खाच). ८ इंची स्टॅक्ड डॅडो सेट (रुंद खाच मारायला शेजारी शेजारी लावायच्या चकत्यांचा संच) घेतलाय, अजून लावलेला नाही. शंका अशा:

१. डॅडोचं वेगळं कार्ट्रिज घ्यावंच लागतं का? बाहेरची दोनच पाती लावून पाव इंची खाच मारायची असली तरी?

२. मित्राकडे ६ इंची सेट पडून आहे, तो चालेल का?

३. १८ मिमीसाठी नेमकी कोणती चकती कुठे लावायची?

४. रायव्हिंग नाइफ (पात्यामागची उभी पट्टी) ठेवायचा की काढायचा?

५. ब्रेक उडाला की कार्ट्रिज आणि सेट दोन्ही जातात म्हणे. उगाच उडू नये म्हणून काय सांभाळायचं?

---

गराज_सुतार

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच कारणात आहेत. या मशीनचा ब्रेक म्हणजे ॲल्युमिनियमचा एक ठोकळा. तो दाबलेल्या स्प्रिंगपुढे एका बारीक तारेने धरून ठेवलेला असतो. पात्यावरून सतत एक हलका विद्युत सिग्नल फिरत असतो. बोट लागलं की तो बदलतो, कार्ट्रिज ती तार जाळतं आणि स्प्रिंग ठोकळा दातांत घुसवते. पाच मिलिसेकंदांच्या आत पातं थांबतं आणि त्याच झटक्याने टेबलाखाली जातं. हे सगळं जमायचं तर ठोकळा दातांच्या अगदी जवळ हवा. १० इंची पात्याची त्रिज्या ५ इंच, ८ इंची सेटची ४ इंच. म्हणजे साध्या कार्ट्रिजपासून डॅडोचे दात इंचभर लांब राहतात. मशीन हे अंतर स्वतः तपासतं. लाल दिवा लागतो आणि मोटर सुरूच होत नाही. त्यामुळे पाव इंची खाच असो नाहीतर पाऊण इंची, ८ इंची डॅडोला डॅडोचंच कार्ट्रिज लागणार. त्याचा ठोकळा पुढे आलेला आणि रुंद असतो, १३/१६ इंचापर्यंतचा संच त्यात मावतो.

६ इंची सेट नाही चालणार. ८ इंची डॅडोच्या कार्ट्रिजपासूनही तो पुन्हा इंचभर लांब पडतो, आणि ६ इंचीसाठी वेगळं कार्ट्रिज मिळत नाही. एकाच चकतीला तिरकं करून रुंदी वाढवणारे जे सेट येतात तेही नकोत, स्टॅक्डच हवा. दातांच्या मागे उंच खांदे असलेल्या चकत्याही टाळा. दाताऐवजी खांदाच ठोकळ्यावर आपटतो, पकड उशिरा बसते. सेटच्या मध्यभागी किंवा दातांवर वीज न वाहणारा थर असेल तर सिग्नलच नीट पोचत नाही. खोक्यावर काय छापलंय यापेक्षा चकती हातात घेऊन बघा.

बदलायचा क्रम:

मेन स्विच बंद, वायर सॉकेटमधून बाहेर. पातं पूर्ण वर आणा, इन्सर्ट (पात्याभोवतीची टेबलातली झाकणपट्टी) काढा. गार्ड किंवा रायव्हिंग नाइफ, जे लावलं असेल ते काढा. (तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर हेच. तो नाइफ १० इंची पात्याच्या मापाचा आहे. ८ इंची सेटवर तो दातांपेक्षा उंच राहतो आणि आरपार न जाणारी खाच मारताना फळी त्याला अडते.) मग पातं काढा. कार्ट्रिजची चावी फिरवून बाहेर घ्या, कार्ट्रिज दोन पिनांवरून सरळ ओढून काढा. डॅडोचं कार्ट्रिज त्याच पिनांवर पूर्ण आत बसवा, चावी घालून फिरवा. चावी अडत असेल तर कार्ट्रिज आत गेलेलं नाही, जोर लावू नका.

यानंतर सेट लावायचा आणि दात ते ठोकळा हे अंतर मशीनसोबत आलेल्या गेजने बघायचं. बरेच लोक हीच पायरी वगळतात. ८ इंची म्हणून विकलेले सगळे सेट तंतोतंत ८ इंच नसतात, आणि धार लावून आलेला सेट आणखी थोडा लहान झालेला असतो. अंतर जास्त असेल तर मशीन सुरू होत नाही, ते एक बरं. अंतर फार कमी असेल तर मात्र एखादा दात ठोकळ्याला घासू शकतो. ब्रॅकेटच्या ॲडजस्टिंग बोल्टला हेक्स की लावून मागेपुढे करता येतं. अंतर एकाच दातावर मोजून थांबू नका. सेट हाताने पूर्ण एक फेरी फिरवा आणि सगळ्यात बाहेर आलेला दात धरून मोजा. १० इंची पात्याकडे परत जाताना पुन्हा गेज.

नट. जाड संचावर आर्बरचे (पातं ज्या दांड्यावर बसतं त्याचे) आटे कमी उरतात. नटाचे सगळे आटे आर्बरवर बसलेच पाहिजेत, आर्बरचं टोक निदान नटाच्या तोंडाशी आलेलं दिसलं पाहिजे. नसेल तर संच कमी करून खाच दोन फेऱ्यांत मारा.

इन्सर्टही वेगळा लागतो, डॅडोचा. १० इंचीचा इन्सर्ट ठेवून मशीन सुरू केलं तर पहिल्या सेकंदातच तो कापला जाईल.

---

मोजपट्टी

तिसऱ्या प्रश्नावर. साधारण सेटमध्ये बाहेरच्या दोन चकत्या १/८ इंचाच्या, मधले चिपर (बाहेरच्या दोघींमधल्या, खाच भरून काढणाऱ्या चकत्या) १/८ चे काही, शिवाय एक १/१६ चा आणि एक ३/३२ चा असतो. आधी हिशोब.

बाहेरच्या दोन: १/४ इंच.
तीन १/८ चिपर: ३/८. एकूण ५/८, म्हणजे १५.८८ मिमी.
त्यात ३/३२ चा चिपर: २३/३२, म्हणजे १८.२६ मिमी.
त्याऐवजी १/१६ चा: ११/१६, म्हणजे १७.४६ मिमी.

होम सेंटरमध्ये पाऊण इंची म्हणून मिळणारा प्लाय छापील २३/३२ असतो, त्याला पहिला संच सरळ बसतो. तुमचा बाल्टिक बर्च १८ मिमीचा आहे. १८.२६ च्या खाचेत फळी खुळखुळेल, गोंद ती पोकळी भरून ताकद देत नाही. म्हणून १७.४६ चा संच घ्या आणि शिम (चकत्यांमध्ये घालायची पातळ चकती) घाला. ०.०२० इंची शिम म्हणजे ०.५१ मिमी, एकूण १७.९७. आणखी एक ०.००४ ची (०.१ मिमी) घातली की १८.०७. बहुतेक फळ्या हाताच्या दाबाने बसतील इतकी ढील त्यात मिळते. कॅलिपरने तुमच्या शीटची जाडी चार-पाच ठिकाणी मोजा. बाल्टिक बर्चही शीटगणिक थोडा बदलतो.

शिम सगळ्या एकाच फटीत कोंबू नका. चिपरचे दात त्याच्या पत्र्यापेक्षा किंचित रुंद असतात, शेजारच्या दातांवर थोडे चढतात. एका ठिकाणी अर्धा मिमी शिम घातली तर तो चढाव संपतो आणि खाचेच्या तळाशी लाकडाची बारीक धार उभी राहते. ०.०२० च्या ऐवजी ०.०१० च्या दोन घेऊन वेगवेगळ्या फटींत वाटा. शिम धातूच्याच घ्या. चकत्यांवरचा सिग्नल आर्बरमधून येतो, मध्ये प्लास्टिकचा थर घालण्यात काही अर्थ नाही. शिम आर्बरच्या आट्यांत खाली घसरून चेपली तर संच वाकडा बसतो, म्हणून नट आवळताना शिम मध्यभागी धरून ठेवा.

चिपर फिरवून लावणं महत्त्वाचं आहे. दोन पंखांचा चिपर १८० अंशांवर पुन्हा तसाच येतो, म्हणून १८० ला चिपरच्या संख्येने भागा. चार चिपर असतील तर प्रत्येक ४५ अंशांनी पुढे. दात दाताला टेकता कामा नये. बाहेरच्या चकतीशेजारचा चिपर तिच्या दोन दातांमधल्या खोलगट जागेत बसवा. कार्बाइडवर कार्बाइड टेकून नट आवळला तर टवका उडतो आणि तो नंतर खाचेत रेघ होऊन दिसतो.

आणि बाहेरच्या चकत्यांचे दात कोपऱ्याकडे थोडे उंच असतात. खाचेच्या दोन्ही कोपऱ्यांत बारीक रेघ पडणारच. कपाटाच्या पुढच्या कडेला ती दिसते, म्हणून तिथे फेस फ्रेम किंवा लिपिंग (पुढून झाकणारी लाकडी चौकट किंवा पट्टी) लावा.

---

सागवान_एनजे

दोघांचेही आभार. मोजपट्टी, ३/३२ चा चिपर काढून १/१६ चा घालायचा हे डोक्यातच आलं नव्हतं. आता पताम आणि ब्रेकचं सांगा. पतामासाठी सेट फेन्सला (फळी टेकवून सरळ नेण्याच्या पट्टीला) खेटून ठेवावा लागेल ना? फेन्स तर धातूची आहे.

---

रंधा_पटाशी

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. डॅडो वापरताना ब्रेक उडतो तो बहुधा बोटामुळे नाही, धातूमुळे. फेन्स, मायटर गेजचं (फळी आडवी ढकलण्याच्या सरकत्या टेकूचं) ॲल्युमिनियम, क्लॅम्पचा जबडा, स्लेडवरचा (सरकत्या फळीवरचा) धातूचा टी-ट्रॅक. यांतलं काहीही फिरत्या दाताला लागलं की मशीनला ते माणसाच्या स्पर्शासारखंच दिसतं. १० इंची पातं तीन मिमी जागा घेतं, डॅडो अठरा. कालपर्यंत मायटर गेजची पुढची बाजू पात्यापासून सुरक्षित होती म्हणून आजही असेल असं नाही.

शिवाय हे लेफ्ट-टिल्ट (पातं डावीकडे कलणारं) मशीन आहे. आर्बरचा फ्लँज डावीकडे, नट उजवीकडे. चकत्या वाढतात त्या उजवीकडे, म्हणजे फेन्सच्या दिशेने. १८ मिमीच्या संचाचा उजवा दात नेहमीच्या पात्यापेक्षा पंधरा मिमीने फेन्सजवळ येतो. फेन्सवरची पट्टी त्या दिवसापुरती खोटी समजा. टेपने सरळ उजव्या दातापासून फेन्सपर्यंत मोजा. जुन्या आकड्यावर फेन्स सरकवून स्विच दाबण्यात दुहेरी तोटा आहे: खाच चुकीच्या जागी येते, आणि अंतर कमी असेल तर फेन्सलाही धक्का लागतो.

पतामासाठी फेन्सला १८ मिमी एमडीएफची जाड फळी लावा, उंची तीन-साडेतीन इंच. ती मागून स्क्रूने किंवा टेबलापासून वर असलेल्या क्लॅम्पने धरा. स्क्रूचं टोक दातांच्या उंचीत येणार नाही हे आधी आखून घ्या. सेट टेबलाखाली पूर्ण उतरवा, फेन्स अशी सरकवा की सेटचा काही भाग त्या एमडीएफखाली जाईल, धातूच्या फेन्सपासून निदान सहा-सात मिमी अंतर राहील. फेन्स लॉक करा, मशीन सुरू करा आणि चाक हळूहळू फिरवत सेट वर आणा. एमडीएफमध्ये अर्धचंद्राकार खोबण पडते. आता फेन्स थोडी मागेपुढे करून पतामाची रुंदी ठरवता येते, संच न बदलता. ६ मिमी पाठीसाठी रुंदी ९ ते १० मिमी, खोली ६ मिमी ठेवा.

झीरो-क्लिअरन्स इन्सर्टही (सेटच्या मापाचीच फट असलेला) असाच कापतात. कोरा इन्सर्ट बसवा, वरून आडवी लाकडी पट्टी सेटच्या बाजूला, सेटवर नाही, क्लॅम्प करा. क्लॅम्पही सेटच्या रेषेत नको. लागेल तेवढीच उंची येईपर्यंत वर आणा. ८ इंची सेट पूर्ण खाली उतरवल्यावर इन्सर्टच्या खूपच खाली राहतो, त्यामुळे हे काम १० इंची पात्यापेक्षा सोपं जातं.

लाकडाबद्दल. ओलं लाकूड, प्रेशर-ट्रीटेड लाकूड, ॲल्युमिनियम फॉइल लावलेला बोर्ड, आरसा ॲक्रिलिक, आणि कालच चिकटवलेली, आत गोंद ओला असलेली फळी या सगळ्यांतून सिग्नल वाहतो. तुमच्या बाल्टिक बर्चला भीती नाही. शंका असेल तर बायपास मोड आहे: बायपास चावीने सुरुवात केली की त्या एका फेरीपुरता ब्रेक बंद राहतो. मशीन थांबवून पुन्हा सुरू केलं की ब्रेक आपोआप चालू. त्यात त्याच मालाचा टाकाऊ तुकडा कापा. हा माल ब्रेक उडवणारा आहे का, ते दिव्यांच्या लुकलुकीवरून कळतं, तक्ता मॅन्युअलमध्ये आहे. आणि बायपासमध्येही कार्ट्रिज जागेवर लागतंच, त्याशिवाय मशीन सुरू होत नाही. साधं कार्ट्रिज ठेवून बायपासमध्ये डॅडो चालवू असा विचार कुणी करत असेल तर सोडून द्या.

स्विच बंद केल्यावर जड संच बराच वेळ फिरत राहतो. तेवढा वेळ ब्रेक जागा असतो. म्हणून थांबणाऱ्या सेटजवळ मायटर गेज मागे ओढू नका. फळी पुढे पार करा, स्विच बंद, सेट थांबू द्या, मग गेज मागे घ्या.

एक गोष्ट मनापासून सांगतो. ब्रेक बोट वाचवतो, किकबॅक (फळी उलटी अंगावर फेकली जाणं) थांबवत नाही. डॅडोत गार्ड नाही, रायव्हिंग नाइफ नाही, दात फळीखाली झाकलेले. हात कुठे आहे हे कळत नाही तो नेमका इथे. फळीच्या कडेला बोटं टाकून ढकलू नका, रबरी तळाचे दोन पुश ब्लॉक वरून वापरा. फेदरबोर्ड (फळी दाबून धरणारी लवचिक दातांची पट्टी) फेन्सवरून खाली दाबणारा लावा, सेटच्या थोडा आधी आणि थोडा नंतर. तोही लाकडी किंवा प्लास्टिकचाच.

---

पुणेरी_रंधा

७२ इंच उंच फळ्यांवर आडव्या खाचा टेबल सॉवर मारायला मी नाही म्हणेन. १२ इंचांची कड फेन्सला आणि सहा फूट फळी बाजूला लटकलेली. ती जराशी तिरकी झाली की सेट फळी ओढतो. त्यात मोटर १.७५ एचपीची. इथे पुण्यात डॅडोचा आर्बर असलेलं मशीन सहसा दिसत नाही, त्यामुळे हे काम राउटरवरच (फिरत्या बिटने खाच कोरणाऱ्या हातयंत्रावर) होतं. दोन उभ्या फळ्या शेजारी शेजारी ठेवून क्लॅम्प करा, आडवी सरळ पट्टी लावा, १६ मिमीचा स्ट्रेट बिट आणि दोन फेऱ्या. पट्टी दोन असल्या की रुंदी तुमच्या फळीनेच ठरते: पहिली पट्टी, मध्ये फळीचा तुकडा उभा, दुसरी पट्टी. ज्याचा बेअरिंग पट्टीला घासत जाईल असा बिट घ्या. दोन्ही उभ्या फळ्यांच्या खाचा एकाच फेरीत आल्यामुळे आडवी फळी वाकडी बसण्याचा प्रश्नच उरत नाही.

---

मोजपट्टी

पुणेरी_रंधा, फक्त फेन्सवर मारायच्या असतील तर तुमचं म्हणणं मान्य. पण मायटर गेजला २४ ते ३० इंच लांब लाकडी फेस लावून, फेन्स फक्त स्टॉप म्हणून वापरली तर काम होतं. आरपार कापताना गेज आणि फेन्स एकत्र वापरू नये, कारण सुटलेला तुकडा दोघांमध्ये अडकतो. खाचेत तुकडा सुटतच नाही, म्हणून इथे चालतं. लांब बाजूला रोलर स्टँड मात्र टेबलाच्या बरोबर पातळीवर हवा. तो अर्धा सेंटीमीटर खाली असला तरी फळी वाकते आणि खाचेची खोली बदलते. सहा फुटी फळीच्या मधोमध येणाऱ्या खाचांसाठी मात्र मीही राउटरच सुचवेन.

६ मिमी खोली, १८ मिमी रुंदी एका फेरीत या मोटरवर चालते, फीड (फळी पुढे ढकलण्याचा वेग) सावकाश ठेवलात तर. मशीनचा आवाज बसायला लागला की फीड जास्त आहे. स्वतंत्र २० अँपिअर सर्किट हवं, एक्स्टेंशन कॉर्ड नको. एक फेरी झाली की त्याच रेषेतून फळी दाबून दुसऱ्यांदा न्या. प्लाय थोडा वाकलेला असतो, पहिल्या फेरीत जिथे उचलला गेला तिथे खाच उथळ राहते. खोली खाचेच्या दोन्ही टोकांना आणि मधे कॅलिपरच्या शेपटीने तपासा.

---

सागवान_एनजे

ठरलं. उभ्या फळ्यांच्या खाचा राउटरवर, पताम टेबल सॉवर. शेवटचं: ब्रेक उडालाच, तर काय करायचं?

---

गराज_सुतार

आधी वायर काढा. सेट टेबलाखाली गेलेला असतो. उंचीचं चाक पूर्ण खाली फिरवा, आतली लॅच पुन्हा अडकल्याचा टक आवाज येतो. मग वर आणा. सेट आणि कार्ट्रिज एकमेकांत रुतलेले असतात, वेगळे करायला हातोडी घालू नका. नट सोडा, चावी काढा आणि दोन्ही एकत्र थोडे थोडे बाहेर ओढा. चिपर आधी निघत असतील तर ते काढून घ्या, जागा होते.

कार्ट्रिज पुन्हा वापरता येत नाही. नवं डॅडोचं कार्ट्रिज घ्यावं लागतं. बोट लागून ब्रेक उडाला असेल तर जुनं कार्ट्रिज फेकू नका. त्यात नोंद राहते, कंपनी ते मागवून तपासते आणि खरोखर त्वचेचा स्पर्श असेल तर नवं देते. सेटचं म्हणाल तर ज्या चकत्यांचे दात ठोकळ्यात गेले त्यांचे कार्बाइड तुटलेले किंवा सैल झालेले असतात. धार लावणाऱ्याकडे नेऊन पत्रा सपाट आहे का ते तपासून घ्या. सपाट असेल तर दात नवीन बसवता येतात, वाकला असेल तर ती चकती भंगारात. नवीन दात बसवून आलेला सेट पुन्हा लावताना गेजने अंतर पहिल्यापासून बघा, त्याचा व्यास आता वेगळा असेल.

आणि कामाला बसण्यापूर्वी एक जास्तीचं साधं कार्ट्रिज आणि एक डॅडोचं आणून ठेवा. शनिवारी दुपारी ब्रेक उडाला आणि दुसरं नसेल तर मशीन सोमवारपर्यंत बंदच.